गाभण भाटीची निगा

गाय अथवा म्हैस गाभण राहिली म्हणजे तिची पेंड वाढविण्यास आपले शेतकरी चुकत नाहीत. परंतु कणगीची राखण करणाऱ्या भाटीस त्याच दिवसांत उपाशी ठेवितात. पोट भरले म्हणजे ती उंदीर मारणार नाही, हा समज यास कारण होय. तो खरा नाही. शिकार ही मांजराची उपजत ओढ असून पोटभर जेवलेली भाटीही उंदीर धरिते. उपाशी भाटी मात्र घर सोडून जाते.

घोडपदेवास आमच्या चाळीत गावाकडील तांदुळाची पोती माळ्यावर असतात, म्हणून येथेही भाटी पाळणे भाग पडते. मुंबईत 1896 साली प्लेग आला. पुढे अमरावतीचे सिव्हिल सर्जन ब्यूकॅनन यांनी 1908 साली प्लेगाच्या निवारणार्थ मांजरे पाळावीत असे प्रतिपादिले. मांजरासही प्लेग होतो हे आता ठाऊक आहे. तथापि धान्यापुरता तो सल्ला आम्हांस पटतो.

पिले ठेवावयाची ती चांगल्या शिकारी भाटीचीच ठेवावीत. एकाच वेतातील पिलांचे बाप निरनिराळे असू शकतात, त्यामुळे बोक्याची निवड आपल्या हाती क्वचितच राहते. गर्भकाळ सुमारे 63 ते 65 दिवसांचा. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आचळे गुलाबी दिसू लागतात. तेव्हापासून मासळी, मांस, उकडलेले अंडे थोडे थोडे, पण अनेक वेळा द्यावे. दुधाने कित्येक मांजरांस हगवण लागते. पाणी मात्र सदैव असावे. पोट दाबून पिले मोजू नयेत.

विण्यासाठी अंधाऱ्या कोपऱ्यात जुने लुगडे घातलेली पाटी ठेवावी. तेथे फिनेल शिंपडू नये, ते मांजरास विषारी आहे; माणसाची पॅरासिटामॉलची गोळीही तशीच प्राणघातक. गेल्या पावसाळ्यात शेजारी उंदरांस विष घातले गेले, आणि विण्यास आठवडा उरला असता आमची भाटी तसला उंदीर खाऊन दगावली. चार पिलेही तिच्यासवे गेली.

जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिलू बाहेर न पडल्यास पशुवैद्यास दाखवावे. मुंबईकरांस परळचे 1886 साली स्थापन झालेले पशुवैद्यक महाविद्यालय जवळ आहे. पिलांचे डोळे एक-दोन आठवड्यांत उघडतात. आठ आठवड्यांपूर्वी ती आईपासून तोडू नयेत, कारण शिकारीचे धडे तीच देते. पिले अंगावर पीत असतानाही भाटी पुन्हा गाभण राहू शकते. अधिक वेत नको असल्यास पिले तुटताच पशुवैद्याकडून तिची शस्त्रक्रिया करून घ्यावी.

हल्ली पिलू मागावयास कोणी आले, तर त्याच्या घरी उंदरांचे विष आहे काय, हे आम्ही प्रथम विचारतो.