लॉगची ओळ कशी लिहावी
वसई, दि. १४ जुलै २०२५



कमांड लाइनवर चालणारा प्रोग्राम दोन प्रकारचा मजकूर बाहेर टाकतो. ज्यासाठी तो चालवला तो निकाल, आणि काम कसे झाले याची नोंद, म्हणजे लॉग. विरारच्या एखाद्या गृहनिर्माण सोसायटीसाठी बँकेचे स्टेटमेंट वाचून मेंटेनन्सच्या पावत्या काढणारी स्क्रिप्ट घेतली, तर पावत्यांची यादी हा निकाल आणि ‘ओळ ४१८ मधली रक्कम वाचता आली नाही’ ही नोंद. निकाल स्टँडर्ड आउटपुटवर जावा, नोंद स्टँडर्ड एररवर. स्क्रीनवर दोन्ही एकत्रच दिसतात, त्यामुळे लिहिताना फरक जाणवत नाही. निकाल पाइपने दुसऱ्या प्रोग्रामला दिला की तो लगेच जाणवतो. दोन्ही प्रवाह एकच ठेवले असतील, तर पावत्यांच्या यादीत मध्येच ‘फाइल उघडली’ अशी ओळ घुसते आणि पुढचा प्रोग्राम तिलाही पावती समजतो.

लॉग लिहिला जातो तेव्हा तो कोणी वाचत नसते. काही बिघडले की मग तो उघडला जातो, आणि उघडणारा बरेचदा प्रोग्राम लिहिणारा नसतो. तो पहिल्या ओळीपासून वाचत बसत नाही. हजारो ओळींतून ग्रेप या शोधाच्या कमांडने चार ओळी काढतो. सगळे नियम यातूनच निघतात. एका घटनेची एकच ओळ असावी, प्रत्येक ओळीत भागांचा क्रम तोच असावा, आणि कोणतीही ओळ एकटी वाचली तरी कळावी.

भागांचा रूढ क्रम असा: वेळ, लेव्हल, प्रोग्रामचा भाग, संदेश, आणि शेवटी मूल्ये. नमुन्यादाखल:

२०२५-०७-१४ ०९:१२:०५.३१७+०५:३० एरर वाचन: रक्कम वाचता आली नाही फाइल=जुलै.सीएसव्ही ओळ=४१८ सदनिका=बी-३०४ मूल्य="१,२५०/-"

येथे ओळ देवनागरीत उतरवली आहे. प्रत्यक्ष फाइलीत वेळ, लेव्हल आणि मूल्यांची नावे रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत ठेवावीत. शोधणारा कीबोर्डवरून इंग्रजी आकडे टाकतो. देवनागरी ४१८ त्या शोधात सापडत नाही. एकाच लॉगमध्ये दोन प्रकारचे आकडे तर कधीच नसावेत.

वेळ लिहिताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. आयएसओ ८६०१ या मानकाचा हा क्रम आहे. त्याचा फायदा असा की ओळी अक्षरानुक्रमे लावल्या तरी त्या कालानुक्रमेच लागतात. ‘१४/०७’ किंवा ‘०७/१४’ अशा लिहिण्यात तो फायदा जातो, आणि ‘०५/०७’ म्हणजे जुलै की मे हा घोळ राहतो तो वेगळाच.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेळ कोणत्या गणनेची आहे हे ओळीतच असावे. वसईच्या इतिहासात याचे चांगले उदाहरण आहे. चिमाजी अप्पांच्या मोहिमेपुढे पोर्तुगीजांनी १६ मे १७३९ रोजी शरणागतीच्या अटी मान्य केल्या. ही तारीख पोर्तुगीजांच्या ग्रेगोरियन पंचांगाची. मुंबईचे इंग्रज तेव्हा जुन्या ज्युलियन पंचांगाने चालत. ते पंचांग ११ दिवस मागे होते आणि इंग्लंडने ते १७५२ मध्ये सोडले. मराठी पत्रांत तिथी, शके आणि सुहूर सन यांची गणना असे. एकाच दिवसाच्या तीन नोंदी तीन तऱ्हेच्या. अभ्यासकाला त्या जुळवता येतात, कारण कोणता लेखक कोणते पंचांग पाळत होता हे माहीत आहे. लॉगच्या ओळीला तसा माहीतगार मिळेलच असे नाही.

भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि भाड्याने घेतलेला सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर लावलेला असतो. १ जुलैला पहाटे २ वाजता वसईत झालेले काम त्या सर्व्हरच्या घड्याळात ३० जूनला रात्री ८:३० चे ठरते. मेंटेनन्सचा महिना बदलण्याच्या रात्री हा फरक थेट हिशेबात उतरतो. म्हणून ‘+०५:३०’ हे शेपूट कधी गाळू नये. सिसलॉग या लॉग लिहिण्याच्या जुन्या पद्धतीत नेमकी हीच उणीव होती. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात बर्कली येथे सेंडमेल या टपाल प्रोग्रामसाठी ती घडवली. तिचा प्रचलित नमुना २००१ मध्ये आरएफसी ३१६४ म्हणून लिहून निघाला, तेव्हा त्यात महिना, दिवस आणि वेळ होती. वर्ष नव्हते आणि वेळेचा विभागही नव्हता. २००९ च्या आरएफसी ५४२४ ने दोन्ही आणले. पायथॉनच्या लॉगिंग मॉड्यूलमधला वेळेचा ठरलेला नमुनाही स्थानिक वेळ लिहितो आणि विभाग सांगत नाही. तो आपणच जोडावा लागतो.

लेव्हल म्हणजे घटनेचे गांभीर्य. सिसलॉगमध्ये आठ पायऱ्या आहेत: ० ही सर्वांत गंभीर, ७ म्हणजे डीबग. पायथॉनमध्ये पाच आहेत: डीबग, इन्फो, वॉर्निंग, एरर, क्रिटिकल, त्यांना १० ते ५० असे चढते आकडे दिलेले आहेत. नावांपेक्षा भेद नीट पाळणे महत्त्वाचे. मागितलेले काम झाले नाही, तर एरर. काम झाले पण कोणीतरी लक्ष घातले पाहिजे, तर वॉर्निंग. उदाहरणार्थ, एकाच सदनिकेचे एका महिन्यात दोन भरणे. सर्व सुरळीत असून टप्पा संपला, तर इन्फो. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या कामाचे तेवढे डीबग. प्रत्येक ओळीला एरर म्हणणाऱ्या प्रोग्रामचा एरर आठवड्याभरात कोणी वाचेनासे होते. ठरलेल्या वागणुकीत प्रोग्रामने स्क्रीनवर वॉर्निंग आणि त्यावरचेच बोलावे. अधिक तपशील हवा असल्यास वापरणाऱ्याने व्ही हा पर्याय देऊन मागावा. काहीच अडले नाही तर गप्प राहणे ही कमांड लाइनची जुनी शिस्त आहे.

संदेशाचे वाक्य लिहिताना ‘काहीतरी चुकले’, ‘अवैध डेटा’ असले शब्द टाळावेत. काय करायचे होते, कुठे अडले आणि हाती काय आले, या तिन्हींची उत्तरे ओळीत हवीत. वरच्या नमुन्यात मूल्य जसेच्या तसे अवतरणात दिले आहे, आणि कारण तिथेच उघड होते: रकमेत स्वल्पविराम आहे आणि शेवटी ‘/-’ आहे. चेकवर आणि पावतीवर तसे लिहायची सवय असल्यामुळे कोणीतरी स्टेटमेंट एक्सेलमध्ये उतरवतानाही ते तसेच टाकले. ‘अवैध डेटा’ एवढेच लिहिले असते, तर स्टेटमेंटच्या सगळ्या ओळी डोळ्यांनी तपासाव्या लागल्या असत्या. अवतरणचिन्हांचा आणखी एक उपयोग म्हणजे शेवटी चिकटलेली मोकळी जागा दिसते. डोळ्यांना न दिसणारी ही जागा रकमा न जुळण्याचे नेहमीचे कारण असते.

वाक्याचे शब्द कायम ठेवावेत आणि बदलणारे सर्व मूल्यांत टाकावे. ‘बी-३०४ ची रक्कम वाचता आली नाही’ आणि ‘ए-१०२ ची रक्कम वाचता आली नाही’ ही यंत्राच्या दृष्टीने दोन वेगळी वाक्ये झाली. सदनिका वेगळी काढली की वाक्य एकच उरते, आणि तो प्रकार महिन्यात किती वेळा घडला हे एका कमांडने मोजता येते. पायथॉनमध्ये यासाठी वाक्य आधी जोडून न देता वाक्य आणि मूल्ये वेगवेगळी द्यावीत. ती ओळ लिहायचीच नसेल तर जोडण्याचे कष्टही वाचतात.

मराठी नावे लॉगमध्ये आली की रकान्यांचा प्रश्न येतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हे असतात. ‘म्हात्रे’ डोळ्यांना दोन अक्षरे. पायथॉन ती आठ मोजते, फाइलीत जागा २४ बाइट. ‘डिसोजा’ डोळ्यांना तीन अक्षरे. मोजणीत सहा, जागा १८ बाइट. दिसायला लांब असलेले नाव मोजणीत आखूड निघते, त्यामुळे मोकळ्या जागा भरून रकाने सरळ करण्याचा प्रयत्न फसतो. शिवाय जोडाक्षराला किती जागा द्यायची याचा प्रत्येक टर्मिनलचा हिशेब वेगळा. उपाय सोपा आहे. ठरावीक रुंदीचे भाग ओळीच्या सुरुवातीला ठेवावेत आणि नाव सर्वांत शेवटी, म्हणजे ते कितीही पसरले तरी कोणाला ढकलत नाही. लांब मजकूर तोडायचा असेल तर बाइट मोजून तोडू नये. चिन्हाच्या मध्येच तुकडा पडला की त्याजागी प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो.

रंगांबद्दल थोडक्यात. टर्मिनलवर एरर लाल दिसणे सोयीचे असते, पण तो रंग म्हणजे मजकुरात घुसवलेले छुपे कोड असतात आणि फाइलीत ते कचरा होऊन राहतात. समोर टर्मिनल आहे का हे प्रोग्रामने तपासावे, नसल्यास रंग आणि पुढे सरकणारी प्रगतीची पट्टी दोन्ही बंद करावीत. रंग नकोत असे सांगण्यासाठी ‘नो कलर’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २०१७ पासून रूढ झाले आहे. त्याचा मान ठेवावा. आणि अर्थ फक्त रंगात ठेवू नये. ‘एरर’ हा शब्द ओळीत असलाच पाहिजे.

बाहेरून आलेल्या मजकुरावर विश्वास ठेवू नये. बँकेच्या तपशिलात नवी ओळ सुरू करणारे चिन्ह असेल आणि ते तसेच लॉगमध्ये गेले, तर एका नोंदीच्या दोन होतात. हेतुपुरस्सर घातले असेल तर खोटी नोंदही तयार करता येते. अशी चिन्हे बदलून लिहावीत. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेला लॉगफोरशेल हा दोष याच वाटेने आला. जावामधली लॉगफोरजे ही लायब्ररी संदेशात विशिष्ट खूण दिसली की ती मजकूर न मानता आज्ञा मानत असे, आणि सांगितलेल्या पत्त्यावरून कोड आणून चालवत असे. वापरणाऱ्याने भरलेल्या नावात ती खूण घातली आणि ते नाव लॉगमध्ये गेले, एवढे पुरेसे होते. लॉगमध्ये जाणारा मजकूर हा मजकूरच राहिला पाहिजे.

पासवर्ड, ओटीपी, खात्याचा पूर्ण क्रमांक लॉगमध्ये कधीही जाऊ नये. आधारच्या बारा अंकांपैकी शेवटचे चार ओळख पटण्यास पुरतात. लॉगच्या फाइली ईमेलने फिरतात, पेन ड्राइव्हवर जातात, आणि मूळ डेटाबेसला असलेले कुलूप त्यांना नसते.

पावसाळ्यात वसईकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. प्रोग्राम फाइलीत लिहितो तेव्हा मजकूर बहुधा आधी मेमरीत साठतो आणि मग एकदम उतरतो; मध्येच मशीन बंद पडले तर शेवटच्या ओळी, म्हणजे नेमक्या हव्या त्याच, हरवतात. म्हणून प्रत्येक ओळीनंतर साठा थेट डिस्कवर उतरवावा. लॉगच्या फाइलीत कामाच्या शेवटी किती ओळी वाचल्या, किती पावत्या झाल्या, किती राहिल्या याची एक समारोपाची ओळ असावी. ती नसली, तर प्रोग्राम अर्ध्यावर थांबला हे त्यावरूनच कळते. काही राहिले असेल तर एक्झिट कोड शून्य नसावा, कारण हा प्रोग्राम चालवणारी दुसरी स्क्रिप्ट लॉग वाचत नाही, एक्झिट कोड पाहते.

लॉग किती दिवस ठेवायचा हे आधीच ठरवावे. सायबर सुरक्षेसाठीच्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्या संस्था, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांना १८० दिवसांचे लॉग भारतातच जपून ठेवावे लागतात, आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावी लागतात. छोट्या स्क्रिप्टलाही हाच धडा धरावा. रोजची किंवा महिन्याची फाइल वेगळी करावी, जुन्या दाबून ठेवाव्यात, आणि मुदत संपलेल्या आपोआप निघून जाव्यात, म्हणजे डिस्क भरून मूळ काम अडणार नाही.