पाऊस आणि बर्फ रडारला सारखेच दिसतात का?

हवामान रडार सूक्ष्मलहरींचे स्पंद सोडते आणि थेंबांवरून परतणारा क्षीण प्रतिध्वनी मोजते. थेंब लहरलांबीपेक्षा बराच लहान असेल, तर परतणारी ऊर्जा त्याच्या व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे 2 मिलिमीटरचा एक थेंब 1 मिलिमीटरच्या 64 थेंबांइतका संकेत देतो. पाणी मात्र त्यात आठच थेंबांचे असते. वळवाचे टपोरे थेंब आणि श्रावणातली बारीक रिमझिम यांचे मोजमाप एकाच सूत्राने केले की फसगत ठरलेलीच.

बर्फाची गोष्ट वेगळी. हिमकण तितक्याच पाण्याच्या थेंबाच्या जेमतेम एक-पंचमांश संकेत परतवतो, म्हणून हिमवृष्टी रडारवर फिकी दिसते. पण तो वितळू लागला की त्यावर पाण्याचा थर चढतो आणि रडारला तो प्रचंड थेंबच वाटतो. पूर्ण वितळल्यावर त्याचा आकार आक्रसतो, पडण्याचा वेग वाढतो, संकेत पुन्हा उतरतो. शून्य अंशाच्या पातळीखाली दिसणारा ठळक पट्टा तो हाच. मान्सूनमध्ये भारतावर ही पातळी साधारण 5 किलोमीटरवर असते. तिथला संकेत खरा मानला, तर जमिनीवरचा पाऊस फुगवून सांगितला जातो.

मुसळधार पाऊस लहरी शोषतोही. 3 सेंटिमीटर लहरलांबीच्या एक्स बँड रडारला जवळच्या सरीमागचे ढग कधी कधी दिसतच नाहीत; कुलाब्याच्या रडारसारख्या 10 सेंटिमीटरच्या एस बँडला हा त्रास नगण्य. कोरड्या बर्फात शोषण फारच कमी होते, म्हणून हिमवृष्टीत हिमालयातल्या मुक्तेश्वरसारखे लहान एक्स बँड रडारही चालते.