चमकी घेताना आधी ठरवा: कागदावर की गालावर?

राखी असो, रुखवत असो की नवरीचा मेकअप, चमकी लागतेच. पण क्राफ्टची आणि मेकअपची चमकी दिसायला सारखीच, आणि नवीन माणूस तिथंच फसतो.

क्राफ्टची चमकी म्हणजे बहुतेक वेळा प्लास्टिकची पातळ फिल्म, तिच्यावर ॲल्युमिनियमचा थर आणि रंग. कडा टोकदार असतात. डोळ्यात गेली तर बुबुळावर ओरखडा पडू शकतो. त्यामुळं कितीही स्वस्त मिळू दे, चेहऱ्याला लावायची नाही.

मेकअपसाठी कॉस्मेटिक ग्रेडच घ्या, तीही सुटी नको. पाकिटावर लायसन्स नंबर, बॅच नंबर, घटक आणि मुदत वाचा. नुसतं ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलंय म्हणजे चेहऱ्याला चालतं, असं नाही. चमकीचा लिपग्लॉस बनवून विकणार असाल तर कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे आधी लायसन्स काढावं लागतं.

क्राफ्टमध्ये मापही बघा. शुभेच्छापत्राला ०.२ मिमीची बारीक चमकी छान बसते, तोरणाला १ मिमीची जाड घ्या, लांबून उठून दिसते.

दोन्हींचे डबे वेगळे ठेवा, वर ठळक नाव लिहा. पेठ वडगावसारख्या गावात एका गिऱ्हाइकाचा डोळा लाल झाला, तर संध्याकाळपर्यंत बाजारभर होतं!