सभेतील लहान कामे, मोठे शिक्षण
(युवकांसाठी व पालकांसाठी अभ्यासपाठ)



वक्तृत्व म्हटले की माइकपुढे उभा असलेला एकच माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. बाकीचे सारे टाळ्या वाजवण्यापुरते. मुलांना वक्तृत्व स्पर्धेला पाठवतानाही आपण हेच सांगतो : भाषण नीट पाठ कर, घाबरू नकोस, बक्षीस घेऊन ये. बक्षीस एकालाच मिळते. दहा-बारा मुले मात्र "आपल्याला काही बोलता येत नाही" एवढेच शिकून घरी परततात.

युवकांचे वक्तृत्व मंडळ ही स्पर्धेहून वेगळी गोष्ट आहे. तिथे बोलणारा घडतो तो एकट्या भाषणाने नव्हे, तर सभेतील लहानसहान कामे आळीपाळीने केल्याने. ही कामे कोणती, ती कशी वाटावीत आणि त्यांतून काय शिकावे, हे या पाठात पाहू. युवकांबरोबर पालकांनी आणि बचत गट, सोसायटी किंवा धर्मग्राम परिषदेच्या बैठका चालवणाऱ्यांनीही तो वाचावा. आपल्या बऱ्याच बैठका रखडतात त्या विचारांच्या अभावी नव्हे, तर कोणी काय करायचे हे ठरलेले नसते म्हणून.

१. ही पद्धत कशी सुरू झाली?

अमेरिकेतील राल्फ स्मेडली हे वाय.एम.सी.ए. या युवक संस्थेत काम करीत. तिथे येणाऱ्या मोठ्या मुलांना चारचौघांत बोलता येत नाही आणि सभाही चालवता येत नाही, हे त्यांनी पाहिले. या दोन्ही गोष्टी एकत्र शिकवाव्यात म्हणून त्यांनी १९०५ च्या सुमारास प्रयोग सुरू केले. पुढे २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातील सांता आना या गावी त्यांच्या मंडळाची सभा भरली. तीच आजच्या टोस्टमास्टर्स संस्थेची सुरुवात मानली जाते.

स्मेडली यांची कल्पना साधी होती. वर्ग नको, गुरुजी नकोत. सदस्यांनीच आळीपाळीने बोलावे, सभा चालवावी, वेळ पाहावी आणि एकमेकांना अभिप्राय द्यावा. या संस्थेचे सदस्यत्व अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना मिळते. त्याहून लहान मुलांसाठी तिच्याशी संलग्न 'गॅव्हल क्लब' असतात. नावाशी आपल्याला कर्तव्य नाही. पद्धत मात्र घेण्यासारखी आहे.

आपल्याकडेही सभेची परंपरा जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. आपल्या नाशिकची गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमालाही शंभर वर्षांहून जुनी आहे. मे महिन्यातल्या संध्याकाळी देवमामलेदारांच्या पटांगणावर बसून नाशिककरांच्या कितीतरी पिढ्या ऐकायला शिकल्या. मंडळात हीच सभा लहान होते, आणि ऐकणाऱ्यालाही तिथे काम मिळते.

२. कामे कोणती?

समजा सभेला अठरा जण आहेत आणि वेळ दीड तासाचा आहे. तर कामांची वाटणी अशी करता येते.

सूत्रसंचालक (एक) : हा सभेचा यजमान. प्रत्येक वक्त्याचे नाव व विषय आधी विचारून ठेवतो आणि दोन-तीन वाक्यांत ओळख करून देतो. स्वतःची शेरोशायरी ऐकवण्यासाठी तो उभा नसतो. चांगल्या सूत्रसंचालकाची खूण अशी की सभा संपल्यावर लोकांना वक्ते आठवतात.

वक्ते (तीन) : तयारी करून पाच ते सात मिनिटे बोलतात.

वेळ पाहणारा (एक) : याच्या हाती हिरवे, पिवळे व लाल असे तीन पुठ्ठे असतात. पाच मिनिटे झाली की हिरवा, सहा झाली की पिवळा, सात झाली की लाल. वक्ता कोणीही असो, पुठ्ठा वेळेवरच वर जातो. पंधरा वर्षांच्या मुलाने पंचवीस वर्षांच्या ताईला आदराने पण ठामपणे लाल पुठ्ठा दाखवणे, हा त्या मुलाचा मोठा धडा असतो. दुसऱ्याचा वेळ खाणे हाही अन्याय आहे, हे तो न बोलता शिकतो आणि शिकवतो.

अडखळ मोजणारा (एक) : "अं", "म्हणजे", "काय झालं की", "ॲक्चुअली", "बेसिकली" हे शब्द किती वेळा आले ते टिपतो आणि शेवटी सांगतो. हे काम एकदा केले की स्वतःच्या तोंडचे "म्हणजे" ऐकू यायला लागते.

शब्द टिपणारा (एक) : सभेच्या आरंभी एक चांगला मराठी शब्द देतो आणि तो वापरण्याचे आवाहन करतो. कोणाचे कोणते वाक्य नेमके व सुंदर होते ते लिहून ठेवतो.

आयत्या वेळचे विषय देणारा (एक) : तयारी न करता एक ते दोन मिनिटे बोलता येईल असे सोपे प्रश्न विचारतो. तपोवनातील झाडे, सिटी बसमधली गर्दी, द्राक्षांच्या हंगामातील अवकाळी पाऊस, असे रोजच्या जगण्यातले प्रश्न असावेत. उरलेले सहा जण यावर बोलतात.

अभिप्राय देणारे (तीन) : प्रत्येक वक्त्यासाठी एक. दोन ते तीन मिनिटांत सांगतात.

नोंद ठेवणारा (एक) : कोण काय बोलले, पुढच्या वेळी कोणाकडे कोणते काम, हे वहीत लिहितो.

मोजून पाहा. अठराच्या अठरा जणांना काम मिळाले. मागच्या बाकावर मोबाइल बघत बसायला कोणी उरले नाही.

३. वाटणी करताना कशाला जपावे?

पहिली गोष्ट, कामे फिरती ठेवावीत. पुढच्या दोन सभांचा तक्ता आधीच भिंतीवर लावावा. जो छान बोलतो तोच दर वेळी सूत्रसंचालक झाला, तर मंडळ त्याचे होते, सर्वांचे राहत नाही. नव्या मुलाला आधी वेळ पाहण्याचे काम द्यावे. उभे राहून "आज माझे काम असे आहे" एवढे एक मिनिट बोलायचे असते. भीतीची पहिली पायरी तिथेच ओलांडली जाते. कोणी आयत्या वेळी आले नाही, तर ते काम कोण करील हेही तक्त्यात लिहावे.

दुसरी गोष्ट मुलींची. पुष्कळ कार्यक्रमांत मुलींच्या वाट्याला गुच्छ देणे आणि आभार मानणे येते, अध्यक्षपद मात्र मुलांकडे जाते. टोस्टमास्टर्ससारख्या जगभर पसरलेल्या संस्थेनेही स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला तो १९७३ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. आपल्या तक्त्यात मुलगी सूत्रसंचालक आणि मुलगा पाणी देणारा, असेही दिवस आले पाहिजेत.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे : भाषा. नाशिकच्या मंडळात बागलाणहून आलेला, घरी अहिराणी बोलणारा मुलगा असतो. सुरगाणा-पेठच्या पाड्यावरून शिकायला आलेली मुलगी असते. घरी कोकणी किंवा मल्याळम बोलणारी मुलेही असतात. कोणी "आनि", "पानी" म्हणाला की काही जण हसतात. हसणारा दोन मिनिटांत विसरतो. ज्याला हसले तो दोन वर्षे तोंड उघडत नाही. म्हणून शब्द टिपणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगावे की तो भाषेचा पोलीस नाही. घरच्या बोलीतला एखादा नेमका शब्द कोणी वापरला, तर तोही त्याने कौतुकाने टिपावा. प्रमाण मराठी शिकायची आहेच, पण ती लाज देऊन शिकवता येत नाही.

४. अभिप्राय : टाळ्या आणि टीका यांच्या मधली वाट

सर्वांत अवघड काम अभिप्राय देणाऱ्याचे. "खूपच छान बोललास" म्हणणे सोपे. त्यातून वक्त्याला काहीच मिळत नाही. "तुझे काही जमले नाही" म्हणणेही सोपेच.

आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी केलेली चर्चा म्हणजे वाद. काहीही करून जिंकण्यासाठी केलेली ती जल्प. आणि स्वतःचे काही न मांडता नुसते दुसऱ्याचे खोडून काढणे म्हणजे वितंडा. आज चौकात आणि टीव्हीवर आपल्याला बहुतेक शेवटचे दोन प्रकार दिसतात. भारतीय दर्शनांत आधी समोरच्याची बाजू, म्हणजे पूर्वपक्ष, नीट मांडायची आणि मगच उत्तर द्यायचे, अशी रीत होती. युरोपातील मध्ययुगीन विद्यापीठांतही असेच होते. संत थॉमस अक्वायनस प्रत्येक प्रश्नात आधी विरुद्ध बाजूचे मुद्दे मांडतात आणि मग आपले मत सांगतात.

अभिप्राय देणाऱ्याने हीच रीत पाळावी. आधी सांगावे : "तुझ्या भाषणातून मला हे समजले." मग दोन चांगल्या गोष्टी, त्याही नेमक्या : "आजीचे उदाहरण दिलेस तेव्हा सगळे शांत झाले." मग सुधारण्याजोगी एकच गोष्ट, उपायासकट : "शेवट घाईत झाला, शेवटचे वाक्य लिहून आण." दहा चुका दिसल्या तरी एकच सांगावी. बाकीच्या पुढच्या सभांना येतील. आणि बोलावे ते भाषणाविषयी, बोलणाऱ्याच्या स्वभावाविषयी किंवा घराविषयी नव्हे.

५. नोंद ठेवणाऱ्याचे मोल : शरणपूरचा एक विद्यार्थी

वही लिहिणे हे कुणाला मानाचे काम वाटत नाही. त्यांच्यासाठी आपल्याच शहरातील एक गोष्ट. एकोणिसाव्या शतकात शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुले शिकत होती. जेकब वेनराइट हा त्यांतलाच एक. पुढे तो आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या तांड्यात गेला. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी आजच्या झांबियातील चितांबो यांच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. तेव्हा त्यांच्या सोबत्यांनी कामे वाटून घेतली. सुसी आणि चुमा यांनी पुढारीपण केले. ज्याला वैद्यकाची थोडी माहिती होती, त्या फरजल्लाने देह टिकवण्याचे काम पत्करले. शरणपूरला लिहायला-वाचायला शिकलेल्या जेकबने सामानाची यादी केली, हृदय जमिनीत पुरताना दफनविधीची प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरले. नंतर सुमारे नऊ महिने चालून त्या मंडळींनी देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत जेकब होता.

तिथे कोणी मोठे भाषण केले नाही. प्रत्येकाने आपल्याला येते ते काम केले, म्हणून ते अवघड कार्य तडीस गेले.

६. उपासनेतही हेच

करिंथ येथील मंडळीत सगळे एकदमच बोलत आणि गोंधळ होई. संत पौलाने त्यांना जवळजवळ सभेचे नियमच लिहून दिले (१ करिंथ १४:२७-३३) : दोघांनी किंवा फार तर तिघांनी बोलावे, तेही एकामागून एक, एकाने अर्थ सांगावा, इतरांनी पारख करावी, आणि बसलेल्या कोणाला काही सुचले, तर आधी बोलणाऱ्याने थांबावे. बोलणारा, अर्थ सांगणारा, पारख करणारा आणि वेळेवर थांबणारा, सारे त्यात आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६३ मध्ये उपासनेविषयी सांगितले की ज्याने त्याने आपल्या वाट्याचे काम पूर्ण करावे, आणि तेवढेच करावे. रविवारी वाचन करणारा, स्तोत्र गाणारा, वेदीसेवक, दारात उभे राहून म्हाताऱ्यांना जागा देणारा, यांतील एकही जण बिनकामाचा नाही.

आपली मुले उद्या मुलाखतीला बसतील, ग्रामसभेत किंवा कामगारांच्या बैठकीत उभी राहतील. तिथे त्यांना धीटपणे बोलता यावे, हे आपल्याला हवेच आहे. पण आपली पाळी येईपर्यंत ऐकणे, लाल पुठ्ठा दिसताच थांबणे आणि घाबरलेल्या सोबत्याला उभे राहायला हात देणे, हेही त्यांना आले पाहिजे.

गटात विचार करण्यासाठी

१. आपल्या मंडळात गेल्या तीन सभांत एकदाही न बोललेली मुले-मुली कोण आहेत? त्यांना पुढच्या वेळी कोणते काम देता येईल?

२. आपल्या बोलीवरून किंवा उच्चारावरून कोणाला हसण्याचा प्रसंग घडला, तर सूत्रसंचालकाने काय करावे?

३. पालकांसाठी : या आठवड्यात घरी जेवताना एका मुलाचे किंवा मुलीचे बोलणे मध्ये न तोडता पूर्ण ऐका. मग "मला हे समजले" असे म्हणून ते आपल्या शब्दांत परत सांगा.