आपत्काळाची कोठारे

व्यापारी बंधूंनो, २०१९ च्या ऑगस्टात व पुन्हा २०२१ च्या जुलैत वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर चढले. आमच्या वखारीत धान्य होते. पलीकडे नेण्यास वाट नव्हती. साठा किती, याहून तो नदीच्या कोणत्या तीरावर, हे महत्त्वाचे, हा धडा आम्ही शिकलो.

देशव्यापी मदत-कोठारांच्या योजनेचेही सूत्र हेच असावे. एका प्रचंड कोठारापेक्षा वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा यांच्या दोन्ही तीरांस उंचावर लहान कोठारे बरी. त्यांत गहू नको. वीज गेली की गिरणी थांबते. तांदूळ, डाळ, पोहे, मीठ असावे. मृगापूर्वी कोठार भरावे. दिवाळीनंतर उरलेला माल सभासदांनी बाजारभावाने उचलावा. म्हणजे धान्यास कीड लागणार नाही व पुढील वर्षाचे भांडवलही उभे राहील.