लेखकाचा ओळख क्रमांक : पैसे कुठे लागतात, कुठे लागत नाहीत

वणीत पुस्तक लिहिणारे प्राध्यापक असोत, पुसदच्या महाविद्यालयाचे ग्रंथपाल असोत की गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे सचिव, हा हिशेब तिघांच्याही कामाचा आहे. ‘तुमचा आंतरराष्ट्रीय लेखक क्रमांक काढून देतो’ म्हणत कुणी दारात आले, तर आधी हे लक्षात ठेवा : यातले बहुतेक क्रमांक फुकट मिळतात. खर्च होतो तो पुस्तकाच्या प्रती, टपाल आणि नोंद नीट तपासणाऱ्या माणसाच्या वेळेवर.

क्रमांक हवा कशाला?

लोकनायक अणे यांचे उदाहरण घ्या. ते वणीचे, जन्म १८८०, मृत्यू १९६८. कुठे ते ‘माधव श्रीहरी अणे’, कुठे ‘बापूजी अणे’, तर इंग्रजी पुस्तकांवर ‘एम. एस. अणे’. रोमन लिपीत ‘माधव’चे स्पेलिंगही दोन-तीन तऱ्हांनी होते. संगणकाच्या लेखी हे वेगवेगळे लेखक ठरतात. ग्रंथालये म्हणूनच प्रत्येक व्यक्तीची एक प्रमाण नोंद करतात आणि तिला क्रमांक देतात. नाव कसेही लिहिले तरी क्रमांक त्याच माणसापाशी नेतो.

कशाला किती?

विकिडेटा : शून्य रुपये. ऑक्टोबर २०१२मध्ये सुरू झालेला हा खुला माहितीसाठा आहे. खाते फुकट आहे आणि मराठीतून काम करता येते. मात्र प्रत्येकाची नोंद इथे टिकतेच असे नाही. व्यक्तीविषयी विश्वासार्ह, सर्वांना पाहता येईल असा संदर्भ लागतो.

व्हीआयएएफ : शून्य रुपये, पण अर्जही नाही. अनेक देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नोंदी इथे एकत्र जुळवल्या जातात. एखाद्या सहभागी ग्रंथालयाने तुमची नोंद केली, तरच तुम्ही तिथे दिसता. हा क्रमांक ‘काढून देण्याचे’ पैसे मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

ऑर्किड : संशोधकाला फुकट. सोळा अंकी क्रमांक ज्याचा त्यानेच काढायचा असतो. प्राध्यापकांनी तो शोधनिबंधावर घालावा.

आयएसएनआय : हाही सोळा अंकी, पण नोंदणी संस्थांमार्फत मिळतो. काही संस्था शुल्क घेतात. पैसे भरण्याआधी तुमच्या नावाची नोंद आधीच आहे का ते शोधा. ती असू शकते.

आयएसबीएन : हा पुस्तकाचा क्रमांक, लेखकाचा नव्हे. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो विनामूल्य देते.

खरा खर्च : १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाने ३० दिवसांत पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि प्रत्येकी एक मुंबई, चेन्नई व दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. म्हणजे चार प्रती आणि टपाल. ग्रंथालयांच्या नोंदीत शिरायची हीच हमरस्त्याची वाट आहे, त्यामुळे इथे काटकसर करू नका.

नोंद कशी तपासावी?

अण्यांच्या नोंदीवरच हात बसवा. विकिडेटावर आधी मराठी नाव शोधा, मग रोमन लिपीतली सगळी रूपे. सापडलेल्या नोंदीत १८८० आणि १९६८ ही वर्षे जुळतात का ते पाहा. पुढे ग्रंथ बघा. टिळकांवरील त्यांच्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत काव्याला १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला होता. वर्षे आणि ग्रंथ दोन्ही जुळले, तरच व्हीआयएएफचा क्रमांक पी २१४ या गुणधर्मात आणि आयएसएनआय पी २१३मध्ये भरा. ‘बापूजी’, ‘लोकनायक’ ही रूपे पर्यायी नावांत घाला. यवतमाळ जिल्ह्याच्या नावाचे जुने रोमन स्पेलिंग वेगळे होते, म्हणून ब्रिटिशकालीन कागद शोधताना तेही वापरा.

नुसत्या नावावरून दोन नोंदी कधीही एकत्र करू नका. चुकीचे एकत्रीकरण इतर संकेतस्थळांवर पसरते आणि ते निस्तरायला मूळ कामापेक्षा जास्त वेळ जातो.

संस्थांची गल्लत

गहुलीत १९१३ साली जन्मलेले मुख्यमंत्री वसंतराव नाईक ही एक नोंद. यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही दुसरी. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ तिसरी. विद्यापीठाला हे नाव नंतर मिळाले. १९७२पासूनची संस्था मात्र तीच. म्हणून जुने नाव त्याच नोंदीत कालावधीसह ठेवायचे, नवी नोंद उघडायची नाही. संशोधन करणाऱ्या संस्थांसाठी ‘आरओआर’ हा वेगळा क्रमांक आहे, तोही फुकट.

मदतनीसाला पैसे देताना

ग्रंथालयात कोहा असेल तर ती आज्ञावली विनामूल्य आहे आणि प्रमाण नोंदींची सोय तिच्यातच आहे. शासकीय ग्रंथालयांसाठी एनआयसीची ई-ग्रंथालय प्रणाली आहे. पैसे द्यायचे ते आज्ञावलीचे नव्हे, कामाचे. ठरवताना ‘नोंदीमागे इतके’ असा दर टाळा, त्यात घाई होते. तासाचा किंवा महिन्याचा मोबदला ठरवा. प्रत्येक नोंदीचा पुरावा, म्हणजे शीर्षकपान, जन्मवर्ष आणि संदर्भ, वहीत लिहून घ्या. पैसे घेऊन खुल्या साठ्यात नोंदी करणाऱ्याला ते उघड जाहीर करायला लावा. खाते मात्र त्याचे त्याच्याच नावाचे असू द्या. संस्थेचा पासवर्ड चार जणांत फिरवू नका.

हयात लेखकांचा पत्ता, दूरध्वनी, घरची माहिती कुठेही भरू नका. जन्मतारीख स्वतः लेखकाने प्रसिद्ध केली असेल तरच द्या. विकिडेटावरची माहिती कुणीही, कशासाठीही वापरू शकतो. एकदा बाहेर गेलेली माहिती मागे घेता येत नाही.

सुरुवात लहान ठेवा. आपल्या तालुक्यातले, ज्यांची पुस्तके आपल्याच कपाटात आहेत, असे दहा लेखक निवडा. शीर्षकपान हातात घेऊन एकेक नोंद पूर्ण करा. आपल्या लेखकांची खात्रीची माहिती ज्यांच्याजवळ आहे, ती माणसे याच जिल्ह्यात आहेत. हे काम त्यांनीच हाती घ्यायला हवे.