कायद्याच्या दाराशी उभ्या राहिलेल्या पाच बहिणी

शास्त्रभाग : गणना २७:१-११, अनुवाद २०:१९-२०, अनुवाद २२:६-७



या तिमाहीच्या पाठासाठी निवडलेल्या भागावर उपदेश क्वचितच होतो. सलाफहाद नावाचा माणूस रानात मरण पावला. त्याला मुलगा नव्हता; महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच मुली होत्या. वचनदत्त देशाची वाटणी व्हायची होती आणि ती पुरुषांच्या नावाने होणार होती. तेव्हा या बहिणी दर्शनमंडपाच्या दाराशी आल्या आणि मोशे, एलाजार याजक, सरदार व सर्व मंडळीसमोर उभ्या राहिल्या.

त्यांनी काय मागितले ते नीट वाचा. त्यांनी धान्य मागितले नाही. चुलत्यांनी आम्हाला सांभाळावे, असेही त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी बापाचे वतन मागितले. मोशेने त्यांचे म्हणणे परमेश्वरापुढे ठेवले आणि त्यांची बाजू खरी ठरली. त्यांना जमीन मिळालीच. शिवाय मुलगा नसलेल्या प्रत्येक घरासाठी तो नियम झाला. दया एका घराला पुरली असती. नियम पुढच्या पिढ्यांना पुरला.

मी हे मुद्दाम लिहिते, कारण मला पुष्कळदा विचारतात, "ताई, मंडळीने कायद्याबियद्यात कशाला पडावे? आपले काम प्रार्थना आणि मदत." हे विचारणारी माणसे मनाने चांगली असतात, घोंगड्यांसाठी पहिली वर्गणी तीच देतात. पण शास्त्र उघडले की वेगळे दिसते. नगराला वेढा घातला तरी फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये, हा नियम आहे. घरट्यात पिलांवर बसलेली पक्षीण सापडली तर तिला सोडून द्यावे, हाही नियमच. सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा, असे लेवीय २५ सांगते. आणि २ इतिहास ३६ मध्ये बाबेलच्या बंदिवासाची सत्तर वर्षे जमिनीचे राहून गेलेले शब्बाथ म्हणून मोजली आहेत. झाड, पाखरू आणि माती यांचे रक्षण देवाने माणसाच्या चांगुलपणावर सोडलेले नाही.

आपल्या काळात मंडळ्यांनी असा कायदा मागितल्याचे एक मोठे उदाहरण ब्रिटनचे आहे. २००७ साली तिथल्या सरकारने हवामान बदलाच्या कायद्याचा मसुदा आणला. १९९० च्या तुलनेत २०५० पर्यंत कर्बवायूंचे उत्सर्जन ६० टक्क्यांनी कमी करायचे, असे त्यात होते. अनेक संघटनांना हे अपुरे वाटले. चर्चची मदतसंस्था ख्रिश्चन एडने त्या वर्षी उत्तर आयर्लंडमधील बँगोरपासून लंडनपर्यंत सुमारे हजार मैलांची पदयात्रा काढली. चालणाऱ्यांमध्ये गरीब देशांतून आलेली माणसेही होती. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्यांच्या शेतात पाऊस चुकतो त्यांच्याविषयी दुसऱ्याने बोलणे वेगळे आणि त्यांनी स्वतः येऊन बोलणे वेगळे.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी कायदा झाला तेव्हा उद्दिष्ट ८० टक्के होते. हे एकट्या मंडळ्यांमुळे झाले, असे म्हणणे खोटे ठरेल. शास्त्रज्ञ होते, पर्यावरण संघटना होत्या, खुद्द सरकारने नेमलेल्या स्वतंत्र समितीनेही तोच आकडा सुचवला. पण मंडळ्या त्यात होत्या. त्या कायद्याने दर पाच वर्षांची उत्सर्जनाची मर्यादा आधीच ठरवावी लागते आणि काम किती झाले याचा हिशेब संसदेपुढे ठेवावा लागतो. आपल्या मंडळीच्या खजिनदारांना हे लगेच कळेल! २०१९ मध्ये हेच उद्दिष्ट वाढवून निव्वळ शून्य करण्यात आले. आता तिथे हवामान आणि निसर्ग या दोन्हींना एकत्र बांधणाऱ्या विधेयकाची मागणी आहे. ते प्रथम २०२० मध्ये मांडले गेले. जानेवारी २०२५ मध्ये त्यावर पुन्हा चर्चा झाली, पण मंजुरी न मिळता ती पुढे ढकलली गेली. दारापाशी गेले की दार उघडतेच असे नाही.

आता आपल्या पाड्यांकडे वळू या. निसर्गासाठी केलेला कायदा प्रत्येक वेळी आदिवासीच्या बाजूचा असतोच असे नाही. जंगल वाचवायचे म्हणून जंगलात राहणाऱ्यालाच अतिक्रमण करणारा ठरवण्याचा इतिहास आपल्याकडे मोठा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रस्तावनेतच हा ऐतिहासिक अन्याय मान्य केला. तरीही वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या काही संस्थांच्या याचिकेवर १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्या कुटुंबांना हटवण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीला न्यायालयानेच त्याला स्थगिती दिली. मधले पंधरा दिवस दावा फेटाळलेल्या घरांनी कसे काढले असतील, याची कल्पना करा. म्हणून कोणी 'निसर्गासाठी कायदा हवा' म्हणाले की मी आधी विचारते, दाराशी कोण उभे आहे?

वनहक्क कायद्याची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. दावा ग्रामसभेपासून सुरू होतो. कागद नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही पुरावा म्हणून चालते. पाड्यावर दाव्याचे कागद घेऊन बसले की एखादी आजी कोणत्या ओढ्यापासून कोणत्या मोहापर्यंत कोणाची वहिवाट ते सांगते, आणि आम्ही लिहून घेतो. कलम ५ प्रमाणे वन आणि वन्यजीव यांचे रक्षण करण्याचा अधिकारही ग्रामसभेला आहे. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. जंगल राखणे आणि त्यावर जगणे ही तिथे दोन वेगळी कामे नाहीत.

मंडळीत कोणी निवृत्त तलाठी, वकील किंवा शिक्षक असतील तर त्यांनी पाड्यावर एक दिवस द्यावा. अर्ज भरताना गट क्रमांक चुकला की दावा वर्षभर अडकतो, आणि तो बरोबर लिहिणे ही सेवाच आहे. कोणत्याही पक्षाचा झेंडा मात्र सोबत नको.

पुढच्या बैठकीत गणना ३६ वाचा. मुली दुसऱ्या वंशात लग्न करून गेल्या तर जमीनही जाईल, अशी तिथे नातेवाईक हरकत घेतात, आणि त्याच नियमाला एक अट जोडली जाते. महिला मंडळाने यावर जरूर बोलावे : ही अट जमीन वंशात राहावी म्हणून होती, की बहिणींचा हक्क आखडण्यासाठी? त्या वेळी दाराशी बहिणी उभ्या होत्या का?